पुढच्या रांगेतल्यांनी खाली बसा

"चाँद चौबीस को दिखा तो ईद पाँच की, नहीं दिखा तो छह की," मौलाना सांगतात आणि हॉलमधली कुजबुज थांबते. सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशोब सुरू होतो. सहा सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आहे. चंद्राने एक संध्याकाळ दडी मारली तर ईद-ए-मिलादचा जुलूस आणि गणपती विसर्जनाची मिरवणूक एकाच दिवशी, त्याच रस्त्यांवर.

भिवंडीतल्या एका पोलीस ठाण्याच्या वरच्या मजल्यावर शांतता समितीची बैठक चालू आहे. २०२५ चा ऑगस्ट. झोडपून काढणारा पाऊस आज दुपारी उघडलाय, कामवारीचं पाणी उतरतंय, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर चिखलाचे ठसे आहेत. गणेश चतुर्थी सत्तावीस तारखेला, म्हणजे हाताशी आलेली. निमंत्रणात पाचची वेळ आहे. असरची नमाज आटोपून मशिदीचे विश्वस्त येतात, मंडळांची पोरं मांडवाचे बांबू टाकून येतात, आणि साडेपाचला सुरुवात होते. म्हणजे वेळेवरच.

पहिल्या रांगेत पांढऱ्या शर्टांवर भगवी उपरणी. त्यांच्या पलीकडे एक मोकळी खुर्ची, मग टोप्या आणि दाढ्या. मागे पद्मानगरातले तेलुगू बोलणारे यंत्रमागवाले, सुताचा धंदा करणारे एक मारवाडी शेठ, वकील, दोन शिक्षिका, महापालिकेचे अभियंते, वीज कंपनीचा माणूस. अगदी मागच्या भिंतीला टेकून गोपनीय शाखेचे हवालदार उभे आहेत. हातात छोटी वही. खोलीतल्या निम्म्या लोकांना ते पाळण्यातल्या नावाने ओळखतात, उरलेल्यांना गल्लीतल्या टोपणनावाने.

पहिला अर्धा तास भाषणांचा. भाईचारा, सलोखा, गंगा-जमुनी तहजीब, "आपल्या शहराची परंपरा". बोलणारा बोलतो, ऐकणारे फोन चाळतात. ग्लुकोजची बिस्किटं फिरतात. मग महापालिकेचे अभियंते उभे राहतात आणि पाठी सरळ होतात, कारण आता कामाचं बोलणं. सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या, हायकोर्टाचा आदेश आहे. कृत्रिम तलाव कुठे? रस्त्यातले खड्डे कधी बुजणार? साहेब, पावसात डांबर टिकत नाही. मग खडी तरी टाका. ट्रॉलीचं चाक खड्ड्यात गेलं की मूर्ती कलते, आणि मूर्ती कलली की कुणी काही केलं नसलं तरी कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. या वाक्यावर दोन्ही बाजूंच्या माना हलतात.

मग झालरीचा विषय निघतो.

एका मंडळाचा तरुण अध्यक्ष उभा राहतो. त्यांची मूर्ती ट्रॉलीसकट अठरा फुटांवर जाते. मिरवणुकीच्या वाटेवर एका अरुंद गल्लीत ईदच्या रोषणाईच्या झालरी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधल्या जातात. उंची पंधरा फूट असेल नसेल. "मुकुट अडकणार, साहेब. मग आमची पोरं बांबूने झालर वर उचलणार. तेवढ्यात एक बल्ब फुटला, की झालं."

मिलाद कमिटीचा मुलगा त्याच्याच वयाचा. तोही उभा राहतो. झालर पाचच्या रात्री काढली तर ईदच्या रात्री गल्लीत अंधार. वर्षातून एकदा तर लावतो. आवाज चढलेला नाही, पण हात खिशातून बाहेर आलेत.

वरिष्ठ निरीक्षक बोलत नाहीत. ते वीज कंपनीच्या माणसाकडे बघतात. तो म्हणतो, चालू लाइटच्या माळेला ओल्या बांबूने हात लावायचा नाही, माणूस चिकटेल. ही गोष्ट सगळ्यांना एकदम पटते. करंटला जात-धर्म नसतो असं कुणीतरी म्हणतं आणि पहिल्यांदा खरं हसू येतं. मग बोलणं तारखेवरून तासावर उतरतं. पाचच्या रात्री झालर राहील. सहाच्या सकाळी उतरेल. मिरवणूक त्या गल्लीत दुपारी चारच्या आधी येत नाही. आणि चाँद उशिरा दिसला, ईदच सहाला आली तर?

मौलाना पुन्हा बोलतात, या वेळी सावकाश. "ईद की तारीख चाँद की है. जुलूस की तारीख हमारी."

हे नुसतं सुभाषित नाही. २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. मुंबईत मुस्लिम संघटनांनी जुलूस २९ तारखेवर नेला आणि सरकारने त्या दिवशी सुट्टी जाहीर केली. २०२४ मध्ये ईद सोळाला आणि विसर्जन सतराला होतं. मुंबईतला जुलूस अठराला निघाला. आपला जुलूस कुणाच्या सणाच्या आड येऊ नये म्हणून मागे सरकवणं हा निर्णय मोठ्या मंचावर होतो, पण तो पाळायचा गल्लीतल्या पोरांनी. घोडे, ट्रक, लंगरचा तांदूळ, सगळ्याची तारीख फिरवायची ती त्यांनी.

माझ्या शेजारी बसलेले चाचा माग चालवतात, म्हणजे चालवायचे; आता मुलगा बघतो. त्यांना भाषणात रस नाही. ते खिडकीकडे बोट करतात. खालच्या गल्लीतून यंत्रमागांची खटखट अखंड वर येतेय. "कर्फ्यू लागला की ही बंद. कारागीर मीटरवर पैसे घेतो. कापड नाही, पैसा नाही. चार दिवस बघतो, पाचव्या दिवशी गाडी पकडून उत्तर प्रदेशात. परत कधी येईल, खुदा जाने." सूत मारवाड्याचं, माग मोमिनाचा नाहीतर पद्मशाल्याचा, टेम्पो आगऱ्याचा. एका थानात एवढी माणसं गुंतलेली असतात. दंगलीचा हिशोब चाचा थानात मांडतात. त्यांच्या हिशोबात शांतता हा उपदेश नसून चालू असलेला कारखाना आहे.

या शहराला हा हिशोब महागात पडून कळलाय. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी इथे दंगल पेटली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला गेला. मे १९८४ मध्ये पुन्हा. त्यानंतर भिवंडीचं नाव देशभर एकाच अर्थाने घेतलं जायचं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. सुमारे सत्तर. प्रत्येकीत दोन्ही समाजांची माणसं, आणि पुढाऱ्यांपेक्षा साधीच जास्त: कारागीर, दुकानदार, मास्तर. सोबत त्या बीटचा पोलीस. भांडण झाल्यावर भेटायचं नाही, भांडण नसतानाच भेटत राहायचं. नळाचं भांडण, पार्किंगचं भांडण, पोरीच्या छेडछाडीची तक्रार, सगळं तिथल्या तिथे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये तासाभराच्या वाटेवरची मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' तोच धडा घेऊन मुंबईत १९९४ मध्ये सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली. तिथे पोलीस आणि वस्तीतली पोरं एकमेकांविरुद्ध क्रिकेट खेळू लागली.

"खोपडेसाहेबांच्या वेळी बैठकीनंतर ग्रुप फोटो नव्हते काढत?" मी विचारतो.

"काढत असतील," चाचा म्हणतात. "पण तेव्हा आधी कमिटी होती, मग फोटो. आता कुठे कुठे आधी फोटो होतो."

साडेसहा होतात. निरीक्षकसाहेब घड्याळ बघतात. मग्रिबला अर्धा तासही नाही, उजेड जातोय. "चला, ग्रुप फोटो काढून घेऊ." खुर्च्या सरकण्याचा एकच गलका उठतो.

खाली आवारात पहिला प्रश्न पाठीमागे काय येणार याचा. उजवीकडे जप्त केलेल्या रिक्षा आणि मोटारसायकलींचा ढीग, त्यावर पावसाने उगवलेलं गवत. साहेब मान हलवतात, हे नको. डावीकडे मारुतीचं छोटं देऊळ, बहुतेक जुन्या पोलीस ठाण्यांत असतं तसं. फोटोग्राफर कॅमेरा तिकडे वळवतो. कुणी काही बोलत नाही. पण टोप्या घातलेली चार माणसं जागची हलत नाहीत आणि दोन उपरणीही थबकतात. गोपनीयचे हवालदार पुढे होतात. "तिकडून उन्हाची तिरीप येते कॅमेऱ्यात. इकडे या, पायऱ्यांवर." आभाळ पूर्ण भरलेलं आहे, उन्हाचा पत्ता नाही. सगळे मुकाट्याने पायऱ्यांकडे वळतात. संध्याकाळभरातलं सगळ्यात मुत्सद्दी वाक्य हेच, आणि ते कोणत्याही इतिवृत्तात येणार नाही.

पायऱ्यांवर लोक आपोआप उभे राहतात ते आपापल्या माणसांत. सवयच आहे. फोटोग्राफर एरवी लग्नं करतो. तो प्लास्टिकच्या स्टुलावर चढतो आणि कपाळाला हात लावतो. "भगवे सगळे एकीकडे नको, टोप्या सगळ्या एकीकडे नको! मधोमध कात्री मारली तर दोन फोटो होतील. मिसळा जरा."

मिसळणं सोपं नसतं. एक उपरणं दोन पायऱ्या खाली येतं. एक टोपी वर जाते. विश्वस्तांना गुडघ्याचा त्रास, त्यांना खुर्ची हवी. खुर्च्या पाच. मधली साहेबांची, तिच्या उजवीकडे मौलाना, डावीकडे सगळ्यात जुन्या मंडळाचे काका. एक विश्वस्तांची. उरलेल्या एका खुर्चीसाठी चार माजी नगरसेवक. त्यातले एक समजूतदारपणे उभे राहतात आणि बरोबर साहेबांच्या डोक्यामागे उभे राहतात, म्हणजे चेहरा हमखास मधोमध.

महिला दक्षता समितीच्या बाई कडेला उभ्या केल्या आहेत, सोबत दोघी शिक्षिका. बाई पर्स काखेत मारतात. "आम्हाला दर वेळी कडेला. आणि पेपरात छापताना कडेचाच भाग कापतात." कुणीतरी हसतं. त्या हसत नाहीत. "रात्री बाराला पोरगं घरी आलं नाही तर आधी फोन कुणाला येतो? आम्हाला येतो. त्याची आई मला फोन करते, ठाण्याला नाही करत." साहेब स्वतः उठतात, आपली खुर्ची सरकवतात. बाई मधल्या रांगेत येतात, मिलाद कमिटीच्या मुलाच्या आणि मंडळाच्या अध्यक्षाच्या मधोमध. आता त्या दोघांनी एकमेकांशी बोलायचं तर बाईंच्या डोक्यावरून.

"पुढच्या रांगेतल्यांनी खाली बसा!" पुढची रांग म्हणजे पोरं. फरशी ओली आहे. पांढऱ्या पँटी आणि पांढरे पायजमे एकमेकांकडे बघतात, मग एकाच वेळी उकिडवे बसतात. कुणालाही डाग नको. या बाबतीत पूर्ण एकमत आहे.

एकजण मात्र फोटोत नाही. तो फाटकाजवळ मोटारसायकलला टेकून उभा आहे, वीस-बावीस वर्षांचा. बैठकीत मागे होता, एक शब्द बोलला नाही. त्याला हाक मारतात, तो हात हलवून नाही म्हणतो. मी जवळ जातो तेव्हा तो आपणहून सांगतो, "फोटोत आलो की गल्लीतली पोरं म्हणतात, पोलिसांचा माणूस झाला. मग माझं कोण ऐकणार?" गोपनीयचे हवालदार त्याच्या खांद्यावर हात ठेवून जातात. "तू नको येऊस फोटोत. विसर्जनाच्या रात्री कोपऱ्यावर ये म्हणजे झालं."

असल्या फोटोंची टिंगल करणं सोपं आहे, मीही केली आहे. उद्या स्थानिक पानावर तीन कॉलमात छापून येईल, वर 'शांतता समितीची बैठक उत्साहात संपन्न'. खाली डावीकडून नावं, त्यात दोन चुकीची. असे फोटो दर वर्षी निघतात, आणि तरीही २०२४ च्या विसर्जनाच्या रात्री याच शहरात वंजारपट्टी नाक्याजवळ दगड आल्याच्या तक्रारीवरून जमाव आणि लाठीमारापर्यंत गोष्ट गेलीच. फोटोने दगड अडत नाही. बैठकीत आज ही गोष्ट कुणी नाव घेऊन काढली नाही, पण खड्ड्याचं आणि मुकुटाचं जे बोलणं झालं ते सगळं तिच्याभोवतीच झालं.

तरीही पायऱ्यांवरची ही माणसं बघताना वाटतं, हा फोटो म्हणजे बिनस्टॅम्पाचा जामीन आहे. यात उभा राहिलेला प्रत्येकजण आपल्या गल्लीपुरता जामीनदार झाला. रात्री दोन वाजता अफवा उठली की साहेब कुणाला फोन करणार? याच चेहऱ्यांना. आणि उद्या गल्लीत "तू तिथे होतास ना, मग काय ठरलं?" असं विचारतील तेही यांनाच. पोस्टरवरच्या नेत्याला कुणी विचारत नाही, कारण तो भेटत नाही. फोटोतला माणूस सकाळी दुधाच्या रांगेत भेटतो. सलोख्याची भाषणं हवेत जातात. कोण कुणाच्या शेजारी उभा होता हे मात्र राहतं. म्हणूनच उभं राहण्याच्या जागेवरून एवढी ओढाताण, म्हणून त्या पोराला फोटोत यायचं नाही, म्हणून बाईंना कडेला उभं राहायचं नाही. ज्या फोटोला किंमत नसते त्यातल्या जागेसाठी कुणी भांडत नाही.

"सगळे इकडे बघा. डोळे मिटू नका. एक, दोन..." कुणाचा तरी फोन वाजतो. रिंगटोन आरतीची. पुन्हा. "एक, दोन..." या वेळी एका आमदाराची गाडी फाटकातून आत येते आणि दहा माना एकदम वळतात. फोटोग्राफरचा धीर सुटतो. "साहेब, अजान होईल आता!" ही सूचना सगळ्यांना लागू पडते. माना सरळ होतात. तीन वेळा फ्लॅश उडतो. आमदार धावत येऊन चौथ्या फोटोत येतात, म्हणून चौथाही काढावा लागतो. छापला तोच जाईल.

मग पायऱ्या भराभर रिकाम्या होतात. विश्वस्त मशिदीकडे निघतात, पोरं मांडवाकडे, अभियंते गाडीकडे. चाचा जिन्याखाली छत्री शोधतायत. गर्दी पांगली तरी दोघे पायरीवरच उभे आहेत, मंडळाचा अध्यक्ष आणि मिलाद कमिटीचा मुलगा. आता मधे बाई नाहीत. अध्यक्ष आपला फोन पुढे करतो, दुसरा त्यात आपला नंबर टाइप करतो. नाव टाकताना थांबतो, विचारतो, "काय नावाने सेव्ह करू?" अध्यक्ष खांदे उडवतो. मुलगा टाइप करतो: 'झालर'. अध्यक्ष हसतो आणि त्याच्या फोनमध्ये आपल्या नंबरपुढे स्वतःच लिहितो: 'अठरा फूट'.

अजान सुरू होते. मुलगा निघतो. अध्यक्ष मोटारसायकलला किक मारायला पाय उचलतो, पण अजान संपेपर्यंत ती ढकलत बाहेर नेतो, फाटकाबाहेर जाऊन सुरू करतो. कुणी बघावं म्हणून नाही. मी बघतोय हे त्याला माहीत नाही.

रात्री साडेनऊला शांतता समितीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो येतो. चौथाच, आमदारांचा. खाली फुलं, जोडलेले हात, चंद्रकोरी, झेंडे. माजी नगरसेवक स्वतःच्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढून तोच फोटो पुन्हा टाकतात. महिला दक्षता समितीच्या बाई लिहितात, "या वेळी कापलं नाही. आभार." त्यांच्या खाली, या सगळ्या फुलांच्या मधे, अध्यक्षाचा मेसेज.

"सहा तारखेला सकाळी किती वाजता काढणार झालर?"

तीन मिनिटांनी उत्तर येतं. "फजर के बाद. सहा वाजता. चाँद कैसा भी निकले, गल्ली खुली मिलेगी. शिडी तुमची."

"शिडी आमची. चहा तुमचा."

साहेबांचा अंगठा उमटतो. गोपनीयच्या हवालदारांनी काही लिहिलेलं नाही. सहाला सकाळी ते त्या गल्लीत असतील.